लोखंड चालणारा परीराजा

एडिंबऱ्यात लोकसाहित्य शिकवणाऱ्या एक बाई होत्या. नोकरी कंत्राटी. उन्हाळा सरत आला की पुढच्या वर्षाच्या कागदावर सही होते की नाही, ही धाकधूक ठरलेली. अभ्यासाचा विषय एकच, विशीत धरला तो सुटला नव्हता: टॅम लिनचं कथागीत. त्यावरचा त्यांचा लांबलचक निबंध एका संशोधनपत्रिकेत छापून आला तेव्हा सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. वाचला कुणी, हे विचारायची त्या धंद्यात रीत नाही.

टॅम लिन ही स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरची प्रेमकथा. सेल्कर्क गावाजवळ एट्रिक आणि यॅरो या दोन नद्या मिळतात, तिथलं रान म्हणजे कार्टरहॉ. त्या रानात जाणाऱ्या पोरीकडून टॅम लिन काहीतरी ठेवून घेतो. अंगठी, हिरवा झगा, नाहीतर तिचं कुमारपण. जॅनेट हे सगळं ठाऊक असून जाते, गुलाब तोडते, आणि तो समोर येऊन उभा राहतो. पुढे तिला दिवस जातात. तेव्हा तो खरं सांगतो. मी मुळात माणूसच. घोड्यावरून पडलो तेव्हा पऱ्यांच्या राणीनं उचललं. दर सात वर्षांनी त्यांना नरकाची खंडणी भरावी लागते आणि यंदा माझा नंबर दिसतोय. सोडवायचं तर हॅलोविनच्या मध्यरात्री त्यांच्या वाटेवर उभी राहा. काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्यावरून मला खाली ओढ आणि काही झालं तरी सोडू नको.

मग तिच्या मिठीत तो साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, लालबुंद तापलेलं लोखंड होतो, शेवटी जळता निखारा होतो. ती धरून ठेवते. निखारा विहिरीत टाकते आणि पाण्यातून उघडावाघडा माणूस बाहेर येतो, त्याच्यावर ती आपला झगा टाकते.

या गाण्याचे पाठ पुष्कळ. रॉबर्ट बर्न्सनं मिळवून दिलेला, १७९६ साली छापलेला पाठ त्यात गाजला. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी ३०५ कथागीतांचा जो थोरला संग्रह केला, त्यात याचा क्रमांक ३९. पण बाईंचा जीव होता तो ध्वनिफितींवर. एडिंबऱ्यात १९५१ साली स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं, आणि हेमिश हेंडरसनसारखी माणसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन ब्लेअरगाउरीच्या फळमळ्यांत गेली. तिथे रासबेरीच्या हंगामाला भटक्या ट्रॅव्हलर लोकांचे तळ पडायचे. विद्वानांनी मेली म्हणून सोडून दिलेली गाणी ती माणसं दिवसभर फळं तोडून संध्याकाळी शेकोटीशी गात होती. तशा एका जुन्या फितीवर, लोखंडाच्या कडव्याला, बाईंना दर वेळी एक करकर ऐकू यायची. निबंधाच्या तळटिपेत त्यांनी ती ‘बाह्य आवाज’ म्हणून नोंदवली होती.

एका डिसेंबरात पुस्तकाच्या दुकानात त्यांनी एक जाडजूड कादंबरी उचलली. मुखपृष्ठावर सोनेरी काटेरी मुकुट, आत परीलोकाचा राजा आणि त्याच्या प्रेमात पडणारी प्राध्यापिका, तीही पऱ्यांचीच अभ्यासक. बाईंनी दोन रात्रींत वाचून काढली आणि तिसऱ्या रात्री संतापानं झोप लागेना. चारशे पानांत त्या प्राध्यापिकेनं एकदाही पुस्तक उघडलं नव्हतं. प्राध्यापिका म्हणजे काय, तर चष्मा. तो राजा तिला पहिल्यांदा जवळ घेतो तेव्हा काढून ठेवायला उपयोगी पडतो तेवढाच. आणि राजा तरी कसला? टोकदार कानांचा एक श्रीमंत तरुण. खांद्याशी रुंद, स्वभावाला तुसडा, आतून मऊ.

असल्या कादंबऱ्यांवर नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. जिला आज रोमँटिक फँटसी म्हणतात, तिचं एक मूळ टॅम लिनमध्ये आहे: धीट मुलगी, पलीकडच्या जगातला पुरुष, मध्ये एक धोका. माल जुना आणि अस्सल आहे. बाईंचंही म्हणणं तेच होतं. “हे नीट करता येतं,” त्या म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात लिहायला बसल्या.

पहिला खर्डा आपल्याला वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं ऐकणाऱ्याला वाटावं असा होता. नायिका ध्वनिफितींची सूची करते. डब्यावरची शाई, गायिकेचं आडनाव, गाण्याच्या मध्येच भुंकलेलं कुत्रं, सगळं लिहिते. लिहिताना ती घाबरते, कारण रॉबर्ट कर्कचं काय झालं हे तिला ठाऊक आहे. ॲबरफॉइलचा हा धर्मोपदेशक चांगला विद्वान होता. स्तोत्रं गेलिकमध्ये आणणारा. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यानं पऱ्यांच्या राज्याचा रीतिरिवाज लिहून काढला. १६९२ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर फिरताना तो कोसळला. गावानं सांगितलं, गुपित फोडलं म्हणून त्याला नेलं. पुढची कथा आणखी बोचरी आहे. कर्क एका नातलगापुढे प्रकटला आणि म्हणाला, माझ्या मुलाच्या बारशाला मी दिसेन, तेव्हा माझ्या डोक्यावरून सुरा फेक, मी सुटेन. तो दिसला. नातलग इतका थक्क झाला की सुरा हातातच राहिला.

सुरा कशाला, तर लोखंडापुढे त्या लोकांचं चालत नाही म्हणून. दारावर घोड्याचा नाल, पाळण्यात कात्री, ही सगळी त्याचीच तजवीज. बाईंच्या खर्ड्यात हे नियम जागच्या जागी होते. तिथलं अन्न खाल्लं की परतीची वाट बंद. तिथे घटकाभर रमलं की इथे सात वर्षं उलटतात, टॉमस द ऱ्हायमरची उलटली तशी. आणि नायक राजा नव्हता, कैदी होता.

लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेनं खर्डा घेतला. करार दोन पुस्तकांचा झाला, आगाऊ मानधन बाईंच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. त्यांना संपादिका मिळाली ती हुशार, मेहनती, वेळेवर उत्तर देणारी. तिला खलनायिका करायचा मोह मी आवरतो. तिची एकेक सूचना सुटी घेतली तर पटण्यासारखीच होती.

पहिला फोन लोखंडाचा.

“त्यानं तिच्या स्वयंपाकघरात यायला हवं,” संपादिका म्हणाली. “वाचकाला तो घरात दिसू दे. सकाळी तो तिच्यासाठी पॅनकेक करतोय, असं काहीतरी.”

नायिकेच्या घरात आजीचा बिडाचा तवा होता. तिकडे त्याला गर्डल म्हणतात. जाड, सपाट, वर धरायला लोखंडाची कमान. बाई म्हणाल्या, तो त्या तव्याला हात लावू शकणार नाही. संपादिका म्हणाली, तवा नॉनस्टिक करा. बाईंना ते फारच झालं. तवा बिडाचाच राहिला आणि राजाला लोखंड चालायला लागलं. मुखपृष्ठासाठी मात्र त्याच्या हातांत काळे मखमली हातमोजे आले; चित्रकाराला बोटं जमत नव्हती अशी कुजबुज होती. मग मजकुरातही, थंडीचं निमित्त काढून, ते घातले गेले.

कैदी तर आधीच राजा झाला होता. राजा म्हटल्यावर मेजवानी आली, मेजवानीत नायिका जेवणार, तेव्हा अन्नाचा नियम गेला. दुसऱ्या भागात तिला एडिंबऱ्यात परत यायचं होतं, आई जिवंत हवी होती, म्हणून सात वर्षांचा हिशेब गेला. नरकाची खंडणी ‘गुंतागुंतीची’ होती. तिच्या जागी राजाची एक मत्सरी जुनी प्रेयसी आली, जी कुणालाच समजावून सांगावी लागत नाही. फितींच्या सूचीची चौदा पानं होती, ती दीडवर आली. करकरीची ओळ तेव्हाच गेली.

एका प्रकरणावर मात्र बाई अडल्या. ते ब्रिजेट क्लिअरीचं होतं.

आयर्लंडच्या टिपररी परगण्यात १८९५ च्या मार्चमध्ये घडलेली ही खरी घटना बाई दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. ब्रिजेट सव्वीस वर्षांची, शिवणकाम करणारी, घरी शिवणयंत्र, कोंबड्या पाळून चार पैसे गाठीला बांधणारी. ती आजारी पडली. पिंपं बनवणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या डोक्यात भरलं की ही आपली बायको नव्हेच, पऱ्यांनी तिला नेऊन बदली ठेवलीय. पाला उकळून दुधातून जबरदस्तीनं पाजला, देवाचं नाव घेऊन ‘तू ब्रिजेटच का’ म्हणून पुनःपुन्हा विचारलं, भाकरीचे तुकडे खायला लावले. नातेवाईक, शेजारी घरातच होते. शेवटी त्यानं तिला जाळलं. नंतर तो रात्री एका जुन्या तटबंदीपाशी जाऊन थांबायचा. खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल, मग तिला सोडवून आणू, असं त्याचं म्हणणं. ती आठवड्यानं सापडली, उथळ खड्ड्यात.

पांढरा घोडा, धरून ठेवणं, सोडवून आणणं. टॅम लिनचंच सगळं साहित्य, आणि त्याचं हे झालं. बाईंच्या नायिकेला ही गोष्ट वर्गात सांगताना शब्द फुटत नाही, असं ते प्रकरण होतं.

“प्रकरण उत्तम आहे,” संपादिका म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. “पण यानंतर वाचक त्याच्या प्रेमात कसा पडेल?”

बाई आठ दिवस गप्प राहिल्या. मग त्यांनीच प्रकरण काढून पाठवलं, सोबत ओळ लिहिली, तुमचं बरोबर आहे. खरं म्हणजे प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर लिहिणं हेच कादंबरीचं काम होतं, आणि दोघींनी मिळून प्रश्नच काढून टाकला.

कादंबरी वसंतात आली. सोनेरी मुकुट होताच. पडली म्हणावं तर तसंही नाही, बरी खपली. वाचकांनी पाचपैकी तीन तारे दिले. कुणाला राजा आवडला, कुणाला तो दुसऱ्या एका कादंबरीतल्या राजासारखा वाटला, आणि त्या दुसऱ्या कादंबरीचं नाव बाईंनी पाहिलं तर ती डिसेंबरात उचललेलीच निघाली. कुणी चिडलं नाही, कुणी रडलं नाही. सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं.

बाईंच्या वर्गात वेंगुर्ले तालुक्यातली एक मुलगी एम.ए. करत होती. तिकडे शिक्षकांना नावानं हाक मारतात. ते हिच्या जिभेला वळेना, ती ‘मॅडम’च म्हणायची. पुस्तकावर सही घ्यायला आली आणि घुटमळली.

“बोल,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, आमच्या आरवलीला वेतोबा आहे. त्याला ह्या एवढाल्या चपला वाहतात.” तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. “रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात. माझी आजी सांगायची, तळ बघ, झिजलाय. मी बघितलाय.”

“बरं मग?”

“तुमच्या राजाच्या चपला झिजल्यासारख्या वाटत नाहीत.”

सही घेऊन ती गेली. बाईंना ते लागलं, पण हसून सोडून देण्याइतपत. विद्यार्थी हुशारीचं बोलतात. तेवढ्यासाठीच त्यांना बोलावलेलं असतं.

खरा हिशेब ब्लेअरगाउरीत झाला. जुन्या फितीवरच्या त्या गायिकेची मुलगी तिथे एका बैठ्या घरात राहायची, आता नव्वदीला टेकलेली. बाई निबंधाच्या काळापासून तिच्याकडे जात असत. कादंबरी त्यांनी भेट दिली होती. म्हातारीची नजर गेलेली, म्हणून नातीनं रोज थोडं थोडं वाचून दाखवलं होतं.

“ऐकलं सगळं,” म्हातारी म्हणाली. “भाषा छान आहे हो तुझी, पोरी. मला एवढंच सांग, त्या बयेनं धरलं काय?”

“म्हणजे?”

“शेवटी. जॅनेट साप धरते, निखारा धरते. हिनं काय धरलं?”

बाईंनी सांगितलं की शेवटच्या प्रसंगात नायिका त्याला स्पष्ट सांगते, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि त्यानं शाप तुटतो.

“नुसतं सांगते?”

“हो.”

“आणि तो माणूस होतो?”

“नाही. तो राजाच राहतो.”

म्हातारीनं जरा विचार केला. “मग तिनं धडपड तरी कशाला केली गं?” नात स्वयंपाकघरात फिस्सकन हसली.

चहा झाला. म्हातारीला कुणी गा म्हणायला लागत नाही; तिनं आपणहून टॅम लिन सुरू केलं. आवाज कोरडा पडला होता, सूर पक्का. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, ते सोडून त्यांची नजर सहज हातांकडे गेली. सापाच्या कडव्याला म्हातारीनं खुर्चीचे हात धरले. अस्वल, सिंह. लोखंडाच्या कडव्याला बोटांची पेरं पांढरी झाली, खांदे वर चढले आणि खुर्ची करकरली. तीच करकर.

गाणं संपल्यावर बाईंनी फितीचं विचारलं. तळटिपेचं नाही सांगितलं.

“आईची खुर्ची,” म्हातारी म्हणाली. “त्या कडव्याला ती असंच करायची. बाहेर तंबूत खुर्ची कुठली, तिथे मी मांडीवर असायचे. माझा दंड धरायची. वळ उठायचे, बघ इथे.” तिनं ब्लाउजची बाही वर केली. नव्वदीच्या दंडावर काय दिसणार? पण ती बोट ठेवून जागा दाखवत होती. “लहानपणी मला शब्द कळायचे नाहीत. पण लोखंड कधी येणार ते आधी कळायचं.”

बाई संध्याकाळच्या बसनं परतल्या. त्यानंतर काही महिने त्यांनी लिहिलं की नाही, कुणाला ठाऊक नाही. पत्रिकेला एक दुरुस्ती पाठवली एवढं नक्की, पण जुन्या निबंधाची तळटीप बदलता येत नाही असं पत्रिकेनं कळवलं.

फेब्रुवारीत संपादिकेचा फोन आला. दुसऱ्या भागाची मुदत जवळ आली होती.

“लोखंड परत आणतेय,” बाई म्हणाल्या.

“कसं आणणार? पहिल्या भागात तो तिच्या तव्यावर पॅनकेक करतो. लोकांना तोच प्रसंग सगळ्यात आवडलाय.”

“तिथूनच सुरू होतं. लोखंड त्याला कधीच चालत नव्हतं. तवा हातात होता तेवढा वेळ त्याला भाजत होतं.”

“तेवढा वेळ?”

“बारा पॅनकेक केले त्यानं. मोजून बघा, पान एकशे चौऱ्याण्णव. ती टेबलाशी बसून हसत होती. त्यानं कळू दिलं नाही.”

लंडनच्या टोकाला पानं चाळल्याचा आवाज आला.

“म्हणून हातमोजे,” संपादिका म्हणाली.

“म्हणून हातमोजे.”

“आणि ती अभ्यासक आहे. लोखंडाचं तिला माहीत असायला हवं. तिनं वर्गात शिकवलंय.”

“शिकवलंय. आणि तिच्याच स्वयंपाकघरात तिच्या समोर ते घडलं, तिला दिसलं नाही. ब्रिजेटचं प्रकरण त्याच्या पुढे येतं. आता ते वर्गात सांगताना ती का अडते, ते वेगळं आहे.”

“एक मिनिट थांबा,” संपादिका म्हणाली. “दार लावून येते. हं, सांगा. तिला कळतं कधी?”